भिगवणच्या पुढे

उदगीरच्या स्टँडवर मी 'अहो' म्हणत होते.
भिगवणला बस थांबली, तुम्ही चहा आणलात,
दोघांत एक, महाग म्हणून,
आणि माझ्या तोंडून गेलं, "तू आधी पी."
तुम्ही दचकला नाहीत. फुंकर मारलीत.
तिथून पुढे तू.

पाठीवर भाच्याच्या सॅक. तुझी निळी,
माझी चेन तुटलेली, सेफ्टी पिनांवर भागवलेली.
आत दशम्या, कारळाची चटणी, दोन चादरी
आणि हिशोबाची वही.
एकवीस वर्षांत हा पहिला प्रवास
ज्यात कुणाचं लग्न नाही, कुणाची माती नाही.
पुणं तसं पाहिलेलं, तीनदा :
एक गल्ली, एक दवाखाना, हातात फाईल.

लॉजवरच्या पोरानं आधार कार्डं उलटीपालटी केली.
"मन्मथ बिरादार. आणि या… महानंदा शेटकार?"
नजर माझ्या मोकळ्या गळ्याकडे.
(मंगळसूत्र घरी, तांदळाच्या डब्यात.)
"लग्न झालंय ना?"
तू कानापर्यंत लाल, जिल्हा परिषदेचा हेडमास्तर.
मला मात्र जिना चढताना हसू आवरेना,
चव्वेचाळिसाव्या वर्षी
कुणाला तरी माझा संशय आला होता.

कोरेगाव पार्कात कॉफी तीनशे दहा.
तू मेनू शेवटपर्यंत वाचलास, हजेरी घेतल्यासारखा,
प्रत्येक नावापुढं मनात गैरहजर मांडत.
आपण साधं पाणी मागितलं, दोन-दोन ग्लास प्यायलो
आणि ताठ मानेनं बाहेर आलो.
वेटरनं दार उघडून धरलं.
ते मला अजून कळलेलं नाही, का.

बाणेरला ऊन असं की सावलीसुद्धा भाड्यानं मिळेल.
'सॅम्पल फ्लॅट पाहा', तू बोर्ड मोठ्यानं वाचलास.
"आत एसी असणार."
सॅक वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवल्या.
आपलं बोलणं ऐकून तो जरा थांबला,
अहमदपूरचा असावा, किंवा परळीचा.
"सावकाश बघा," एवढंच म्हणाला.

"सर, बजेट काय आहे?"
"अजून ठरवलं नाही," तू म्हणालास. खोटं कुठं होतं.
टीव्ही पुठ्ठ्याचा. पुस्तकांना पानं नाहीत.
टोपलीतलं सफरचंद मी दाबून पाहिलं, ते दबून तसंच राहिलं,
मी खड्डा भिंतीकडे फिरवून ठेवला.
मुलगी फोनवर बोलत बाहेर गेली
आणि आपण मोठ्या पलंगाच्या काठावर बसलो,
पाठ इतकी हलकी की तोल जाईल.
"एक कोटी बेचाळीस लाख," तू म्हणालास.
"हळू बोल," मी म्हटलं, "पलीकडं झोपलेत."

पलीकडच्या खोलीत दोन छोटे पलंग होते,
भिंतीवर जिराफ.
तू विचारलं नाहीस, कोण.
मग एसी होता तोवर
आपण दोघंही हळूच बोललो.

संध्याकाळी टेकडीवर ब्रोशर पसरलं,
त्यावर दशम्या. चटणीचं तेल
छापलेल्या स्विमिंग पूलमध्ये उतरत गेलं.
खाली एकेक दिवा लागत होता, कुणाच्या तरी हप्त्यानं.
तू वही काढलीस :
लॉज बाराशे. बस एकशे चाळीस.
सॅम्पल फ्लॅट, माणसं दोन…
पुढं पेन बराच वेळ टेकवून ठेवलंस,
कागदाला शाईचा ठिपका आला.
आकडा काही लिहिला नाहीस.

परतीला मी जागी राहणार होते.
भिगवण आलं की जीभ आवरायची, असं ठरवलेलं.
पण डोळा लागला, तुझ्या खांद्यावर, पिना टोचत असूनही.
उठले तेव्हा टेंभुर्णी मागं पडली होती.
"तुला भूक लागलीय का?"
पुढच्या सीटवरची बाई
पूर्ण वळून बघायला लागली.