एक जानेवारी दोन हजार

फोटो काढून झाला की दिगूमामा
सेल काढून डब्यात ठेवायचा, उगाच उतरतात म्हणून.
कॅमेरा दर वेळी तारीख विसरायचा.

आता सॉफ्टवेअरने सगळं ओळीने लावून दिलंय.
एकाच दिवशी, एक जानेवारी दोन हजार,
शरयूची हळद, शरयूच्या मुलीचं बारसं,
काळाचौकीच्या खिडकीतून गिरणीची चिमणी,
पुढच्याच मिनिटाला चिमणीच्या जागी क्रेन,
आणि केईएमच्या जिन्यात मामी, संत्रं सोलताना.

मी तारखा दुरुस्त करत बसलेय.
भिंतीचा रंग बघायचा,
कुणाच्या डोक्यावर किती केस उरलेत.
हळद, मे दोन हजार चार. चिमणी त्याच्या आसपास.
क्रेनसाठी आईला फोन केला.
"तेव्हा पाणी पहाटे चारला यायचं,"
एवढंच तिला आठवतं.

संत्र्यापाशी थांबले.
खालच्या पायरीवर मामाची सावली आलीये,
सावलीशेजारी सलाईनच्या स्टँडची सावली.
अख्ख्या ढिगात त्याचा हा एवढाच फोटो.
चौकट विचारते, तारीख बदलायची?

ही एक मला न बघता सांगता येते.
नंतर, असं दाबते.

यापुढे सेल कुणी काढले नाहीत.
आतच पाझरले.