निधान

शुद्धीवर आलो तेव्हा कानावर पडलेला पहिला शब्द कानडी.
"निधान, मामा, निधान."
गोकाककडची पोर, भागव्वा सिस्टर,
खांद्याखाली हात घालून मला बसवत होती.
घशात रबराची चव, अंगाला चार नळ्या,
मी मनात म्हटलं, कसला खजिना बाई?
आमच्या शहापूरच्या देवळात निधान म्हणजे ठेवा,
कीर्तनात निघतो तसला, पुरलेला हंडा.
तिच्यात निधान म्हणजे सावकाश.
चाळीस वर्षं गिऱ्हाईकाशी दोन्ही भाषांत भांडलो,
खरं हा शब्द दोन्ही खिशांत राहतो
हे छाती उघडल्यावर कळलं.

डॉक्टरांनी आधी कागदावर काढून दाखवलं होतं:
इथं बंद, इथं बंद, इथं नव्वद टक्के.
मी विचारलं, बायपास म्हणजे
हलग्याच्या शेतातनं काढायला बघतात तसला?
ते हसले. नर्मदा हसली नाही.
तिच्या हातात सहीचा फॉर्म होता.

पायातली शीर काढून काळजाला जोडली.
तिला कुणी विचारलं नाही.
जन्मभर खालचं रक्त वर चढवत होती बिचारी,
एका सकाळीत पत्ता बदलला, पाटी बदलली,
आता तिनं म्हणे धमनीगत वागायचं.
आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.
वागेल की.
पाटीवर काही का लिहिलेलं असेना,
घागरी भरायच्या थांबत नाहीत.

घरी आलो.
दोन किलोच्या वर उचलायचं नाही.
कुशीवर झोपायचं नाही. स्कूटर नाही.
खोकला आला तर उशी छातीशी धरायची लेकरागत,
आतल्या तारा हलू नयेत म्हणून.
प्लास्टिकच्या डब्यात तीन निळे गोळे,
श्वास ओढून वर न्यायचे.
पहिल्या दिवशी एकही हलला नाही.
नात ईश्वरीनं तिन्ही एकदम उडवले,
"आज्जा, काय अवघड आहे की ह्यात?"

लोणच्याची बरणी शेजारच्या मल्लव्वाकडं गेली.
चंचीत नर्मदा आता सेफ्टी पिना ठेवते.
मी काही बोललो नाही.
एका रात्री नुसती उघडून बघितली.
पिनांना अजून तंबाखूचा वास येतो.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी,
ती भेंडी चिरत होती ते बघून रडलो.
असं होतं, म्हणाले होते डॉक्टर.
खरं भेंडीसाठी?

सकाळी व्हॅक्सिन डेपो.
आधी गेटपासून पहिल्या बाकापर्यंत,
मग दुसऱ्या. आता अख्खी फेरी, मधे एकदा टेकून.
तिथं आमच्यातले बरेच.
शर्टाचं वरचं बटण उघडं दिसलं की ओळख पटते.
अनगोळचा कल्लाप्पा विचारतो, "तुमचे किती?"
त्याचे चार.
तीन म्हटलं की जरा कमीपणानं बघतो.

भट्टीवर आता धाकटा, परशराम.
खवा, दही, साखर, आणि उलथनं थांबवायचं नाही;
करपायच्या एक बोट अलीकडं कढई उतरवायची,
कुंद्याची विद्या तेवढीच.
चव बघायची म्हणून दिवसाला पंधरा-वीस चमचे मी खाल्ले,
वर चहा, वर तंबाखू.
मी मोजले नव्हते.
शिरा मोजत होत्या.

काल मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो.
जिभेला बंदी. नाक माझंच आहे अजून,
आणि कान.
दाणा सुटायला लागला की कढई वेगळं बोलते.
परश्या घाईत, लग्नाची ऑर्डर, जाळ मोठा,
कडेला वास बदलायला लागलेला.
पूर्वी असतो तर उलथनं हिसकावून घेतलं असतं,
दोन शिव्या वरनं.
ओरडायला गेलं की तारा दुखतात.
बसल्या जागेवरनं म्हटलं,
"निधान, पोरा."

कुठल्या भाषेत म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही.
त्यानं वाकून जाळ कमी केला.