पाठ नसलेला

सत्ताविसाव्या भागात, चौदाव्या मिनिटाला
तो तीन सेकंद उभा आहे.
नायकाचं पांढरं यंत्र पुढून धावत जातं
आणि मागं, धुळीच्या कडेला, हा:
ठेंगणा, पोट सुटलेला, गुडघे जाड,
उजव्या हाताच्या जागी विहीर खणायचं गिरमिट.
मग कुणाचा तरी पोलादी पाय येतो.
संपलं.

नाव नाही. कागदावर फक्त ‘कामाचा, ड’.
अ आणि ब खेळण्यांच्या दुकानात गेले,
क निदान माहितीपुस्तकाच्या एका कोपऱ्यात.
ड कुठंच गेला नाही.

कुरामोचीसाननी तो काढला तेव्हा मी समोरच्या टेबलाशी होते,
नेरिमातल्या त्या दुमजली स्टुडिओत.
खिडकीबाहेर कोबीचं शेत, आत रॉकेलचा स्टोव्ह.
खेळण्यांच्या कंपनीचा माणूस ओला कोट न काढताच म्हणाला,
"बंदूक नाही. विकायचा कसा?"
"चंद्रावर माणसं राहणार म्हणता,
मग पाणी कोण काढणार?"
माणूस हसला, चहा न पिता गेला.
कुरामोचीसाननी त्याचाही चहा संपवला
आणि गुडघे आणखी थोडे जाड केले.
त्यांचे वडील युबारीच्या खाणीत होते.
त्यापुढं त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका मुलाचा फोन आला.
मुलगा म्हणजे चाळिशीचा. आडनाव हिबिनो.
हमामात्सुला दिवसा दातांच्या कवळ्या बनवतो,
रात्री रेझिनचे रोबोट.
तीन सेकंदांच्या बहात्तर चौकटी
त्यानं एकेक थांबवून पाहिल्या होत्या.
"पुढचं सगळं जमलं," म्हणाला,
"पण त्याची पाठ कशी होती?"

पाठ कुणी काढलीच नव्हती.
तीन सेकंद समोरून दिसणाऱ्याला
पाठ कशाला लागते?
कागद, शाई, झोप, सगळंच मोजून मिळायचं.
आणि विचारायला आता कुरामोचीसान नाहीत.

शिडी होती, असं मी म्हणणार होते.
आत चढणाऱ्याला शिडी लागतेच की.
खोटं शोभलं असतं,
दोन-चार वर्षांत खरंही झालं असतं.
अगदी जिभेवर आलं होतं.

पण माझ्याआधी माझ्या हाताला आठवलं.
सेल मागून रंगवतात.
रेघा पुढच्या अंगाला; पारदर्शक पान उलटं करायचं
आणि रंग भरायचा तो मागून,
आधी डोळे, बटणं, खिळे,
मग त्यांच्यावरून बेधडक बाकीचं अंग.
म्हणजे एकोणीस वर्षं मी नायकांची तोंडं रंगवली
ती त्यांच्या पाठीमागं बसून.
ड आला त्या दिवशी करडा संपत आला होता.
बाटलीच्या तळाशी उरला होता त्यात मी
नायकाच्या बुटांचा विटकरी मिसळला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
त्याच्याकडे बघत होतं कोण?

"खडबडीत होती," मी म्हटलं.
"पेजेवर साय धरते ना, तशी.
रंगावर रंग, रेघ एकही नाही.
डाव्या खांद्याखाली अंगठ्याचा ठसा.
माझा. हातमोजा फाटला होता."
पलीकडे बराच वेळ पेन्सिलीचा आवाज.
मग, "कुठल्या हाताचा अंगठा?"
"उजव्या."
फोन ठेवल्यावर कळलं,
ज्याला पाठच नव्हती
तो मला इतकी वर्षं पाठ होता.

मार्चमध्ये खोकं आलं. आत वीतभर उंचीचा ड,
गिरमिट वेगळं, कापसात गुंडाळलेलं.
पाठीवर सांगितलं तसं सगळं ओबडधोबड.
ठसा मात्र हिबिनोचा, माझ्या अंगठ्याहून रुंद.

तो आता फ्रीजवर असतो, सोया सॉसच्या बाटलीशेजारी,
भिंतीकडे तोंड करून.
धाकटी बहीण येते, म्हणते, "काय गं, रुसलाय का हा?"
आणि त्याला सरळ करते.
ती गेली की मी परत फिरवते.