वल्ह्याची तीन पेनं

पाकीट फोडलं की टेबलावर पडतात
टोक, क्लिप, मधली कडी, फिरकी, टोपीचं बोंड,
एक रिफिल
आणि पितळेच्या दोन नळ्या.
बाकीचं आपण आणायचं:
लाकूड, लेथ आणि न थरथरणारा हात.
यातलं शेवटचं माझ्याकडे हल्ली
सकाळी अकरापर्यंतच असतं.

बावीस हिवाळे मी शाळेची बस चालवली,
ब्लू रॉक्सच्या वळणावळणानं, धुक्यात, बर्फात.
कोण कुठे बसायचं ते अजून पाठ आहे.

मार्चमध्ये गेल नॉस आली,
कोटावर धुकं, काखेत वल्हं.
वडिलांचं. पातं मोडलेलं,
मूठ मात्र घामानं काळी, गुळगुळीत,
जणू कालच खाली ठेवलेली.
म्हणाली, या मुठीची तीन पेनं कर.
आम्ही तिघं आहोत ना.

होते की. लॉर्न मागच्या बाकावर,
मार्था माझ्या पाठीशी, गेल मध्ये कुठेतरी.
तेव्हाही एकाशेजारी एक बसत नसत.

मुठीतून सहा तुकडे निघाले,
सातवा नाही.
वाटलं होतं, कापताना मिठाचा वास येईल.
आला नाही.
ॲशचा येतो तोच, कोरड्या ओटमीलसारखा.

भोक पाडताना घाई केली की लाकूड तापतं,
तापलं की उलतं.
थोडं आत, मग मागे, भुसा झाड,
पुन्हा थोडं आत.
पाच तुकडे झाले.
सहाव्याला मार्था आठवली,
एकच हातमोजा घालून बसच्या पायरीवर,
आणि टक्क.

तड्यात पितळेचा चुरा भरला,
किल्ल्या बनवणाऱ्याकडून मागून आणलेला.
वर गोंद. दोऱ्यानं आवळून
रात्रभर ठेवलं, मोडक्या बोटासारखं.

मग लेथ.
पहिल्याच फेरीत काळा रंग उतरला.
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं!
ज्या मुठीसाठी वल्हं आणलं
ती किलच्या होऊन माझ्या बुटांवर पडत होती,
आणि खाली निघालं पांढरं लाकूड,
कुणाचंही असू शकलं असतं.
काळ्या किलच्या मी वेचून
जॅमच्या बाटलीत भरल्या.
गेलला सांगितलं नाही.

जोडणी पाच मिनिटांची.
शिकंज्यात धरून दाबत जायचं: टोक, फिरकी, कडी.
केसभर वाकडं गेलं तरी
परत काढता येत नाही.

एप्रिलमध्ये घर विकलं त्यांनी.
ब्रिजवॉटरला, वकिलाकडे.
गेल सांगत होती, लॉर्ननं सहीला
वकिलाचंच पेन उचललं, बँकेचं नाव छापलेलं.
मार्थानंही तेच.
मग मीही.
आणि ही?
होती की. खिशात. तिघांच्याही.

जूनमध्ये मार्था दारात उभी.
रिफिल आहे का, म्हणाली, शाई संपली.
दोन महिन्यांत?
काय लिहितेस ते विचारलं नाही,
बसमध्येही विचारत नसे.

पेन तड्याचं होतं.
पितळेची रेघ बोटाखाली उजळलेली,
तिच्या दोन्ही कडांना लाकूड
जरा मळत चाललेलं.
साफ करून देतेस का, म्हणाली.

मी रिफिल घातली, फिरकी फिरवून पाहिली,
पाकिटाच्या पाठीवर एक गोल काढला.
म्हटलं, राहू दे तसंच.