जांभळी जीभ

त्या मंगळवारी बाबांनी कुणाचीच दाढी केली नाही.
शाळेचं छप्पर वादळात गेलेलं, पाद्रीबुवा रुसलेले,
म्हणून विलो फोर्कची मतपेटी आली
आमच्या सलूनमध्ये,
आणि पेटीमागून बायका.

मी अकरा वर्षांची. नेब्रास्कातला नोव्हेंबर,
मका सोलून सोलून सगळ्यांचे हात फाटलेले.
आदल्या रात्री आईने पिकदाण्या परसात नेल्या,
फरशी सोड्याने घासली, आरशांवर चादरी टाकल्या
घरात कुणी गेलं की टाकतात तशा.
"कोण गेलं?"
"कुणी नाही गं. आरशात फुली दिसते, म्हणून."
मग ती पेन्सिली तासायला बसली.
सरकारी पेन्सिली:
ओल्या केल्या तरच जांभळ्या उमटणाऱ्या,
उमटल्या की न पुसणाऱ्या.

दार उघडायच्या आधीच हजर मिसेस पिंगरी.
बायकांना मत नको, अशी पत्रकं
सहा वर्षं त्यांनीच घरोघर वाटलेली.
"आता मिळालंच आहे," त्या म्हणाल्या,
"तर भलत्या बायकांवर कसं सोडायचं?"

म्हाताऱ्या मेहिटेबल कोलला कारकुनाने वय विचारलं.
"एकविसाच्या वर."
"किती वर?"
"तुझ्या जन्माला सुईण मीच होते. कर हिशेब."

झ्देन्का ह्रुष्काला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.
नवऱ्याला नागरिकत्वाचा कागद मिळालेला, म्हणून तिलाही.
ती घरूनच मोजून आली होती,
सुईवरचे टाके मोजावेत तसं:
वरून तीन, डावीकडून एक.
नवरा पडद्याआड शिरू लागला, तशी
चेकमध्ये दोनच शब्द बोलली.
तो बाहेर जाऊन खेचरापाशी उभा राहिला.

ज्या खुर्चीत बँकेचे मालक डोळे मिटून बसत
तिच्यात हुल्डा स्कोगने तान्हं ठेवलं.
बाबा खुर्ची हळूहळू फिरवत राहिले
ते झोपेपर्यंत.

तेरा मैलांवरची थेया ओस्टरगार्ड आली नाही.
लगाम सापडला नाही,
असं पुढे अंडी विकायला आली तेव्हा म्हणाली.
लगाम कुणी ठेवला होता, ते नाही सांगितलं.

पडद्याबाहेर येणारी प्रत्येक जण ओठ पुसत होती,
ओढ्याकाठची फळं चोरून खाल्लेल्या पोरीसारखी.

आई दिवसभर दाराशी, चाकू आणि पेन्सिली घेऊन.
आई इथलीच. या मुलखातली दुसरी विहीर तिच्या आजोबांची.
पाच वर्षं तिने शाळेत शिकवलं,
राज्यघटनासुद्धा, कलमांच्या आकड्यांसकट.
पण बाबा डॅनिश, त्यांचा अर्ज
दरवर्षी पुढच्या महिन्यावर गेलेला,
आणि कायदा म्हणे, बायको नवऱ्याच्या देशाची.
डेन्मार्क तिने नकाशातच पाहिला होता.
मुलांना छडीने दाखवलाही होता.

रात्री जेवताना ती कशालातरी हसली
आणि बाबांचा चमचा थांबला.
तिची जीभ जांभळी. सगळ्यांपेक्षा गडद.
"चालतात का बघत होते," ती म्हणाली. "एकेक."
बाबांनी सूप संपवलं.
आरशांवरच्या चादरी काढायच्या राहूनच गेल्या;
दोन दिवस गिऱ्हाइकं
आंधळ्या आरशांसमोर गाल फुगवून बसली.

मग कायदा बदलला. बाबांचा अर्ज तिथेच होता.
आई कोर्टात गेली, साक्षीदार नेले, हात वर केला,
आणि जन्मली तोच देश मागून घेतला.
चोवीस साली शाळेवर नवं छप्पर होतं.
मी सोबत गेले. पडद्याआड तिला खूप वेळ लागला,
मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलंसुद्धा.

बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं?
तिने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट.
"पेन्सिल बोथट होती," म्हणाली.