भविष्यकाळ नसलेली भाषा

लक्झेंबर्ग. कोर्टाच्या दालनावर काचेची केबिन.
विर्वे हेडफोन चढवते,
थर्मासचं झाकण अर्धवटच फिरवून ठेवते.
खाली कंपनीचे सतरा वकील.
शेवटच्या बाकावर एंडेल,
कोटाच्या बाहीला घरच्या मांजराचे केस.

नऊ वर्षांपूर्वी त्याने दलदलीतल्या पायवाटांचे नकाशे केले:
कुठली फळी कुजलीय, कुठे बूट रुततो,
क्लाउडबेरी कुठे पिकते तेवढं सोडून सगळं.
लोक शोधायचे. तो सापडायचा.
मग एका मंगळवारी सापडेनासा झाला.
शोधून देणाऱ्यानेच नकाशांचं दुकान मांडलं होतं,
आणि एंडेल सातव्या पानावर.
इतकी निर्जन जागा
त्याला दलदलीतही कधी लागली नव्हती.

कुंपणच शेत खातं,
आपण सहज म्हणून जातो.
इथे आठ हजार पानं लागली
शेत म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत
एवढंच ठरवायला.

आता आयोगाची वकीलबाई पुढचं बोलू लागते.
कंपनी दार उघडं ठेवील.
आपलं दुकान वेगळं काढील.
उद्या जी यंत्रं पानं न दाखवता
थेट उत्तरच देतील,
त्यांनाही हाच नियम लागू राहील.

ठेवील, काढील, राहील.
आपल्याकडे तर होईल, होणार, होणार आहे, होईलच,
वाट बघायला केवढी ऐसपैस जागा.
विर्वेच्या एस्टोनियनला भविष्यकाळच नाही.
ती माइककडे वाकते:
कंपनी दार उघडं ठेवते.
दुकान वेगळं काढते.

एंडेल झटकन मान वर करतो.
जन्मभर हीच भाषा बोललेला माणूस,
तरी क्षणभर त्याला वाटतं,
झालं.

मधल्या सुट्टीत, कॉफीच्या यंत्रापाशी:
"ठेवते म्हणालात, ते कधीपासून?"
विर्वे साखरेची पुडी फाडते.
"मूळ वाक्यात 'कधी' नव्हतं."

तो हसतो. दोन दात कमी.
"तसेही ते नकाशे आता चुकलेलेच.
नऊ हिवाळे झाले. फळ्या बदलल्या असणार,
पाणीही सरकलं असेल."
कप चुरगाळतो, कचऱ्याचा डबा सापडत नाही,
खिशातच घालतो.
"जूनमध्ये पुन्हा चालून बघतो."

विर्वे थांबते.
हे वाक्य तिला कुणी उतरवायला दिलेलं नाही.
वर घंटा वाजते.