दोन बोटं अंतर

बिस्किटांच्या डब्यात तीन दांडे,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेले.
चौथा अजून गाडीतच:
कंपनीचा, उंच, सैल.
त्याला दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यायचं
म्हणजे शेजारणीकडे विरजण मागायला जाऊन येणं.

निळी, दोन सीटांची, छपराला ठिगळ.
इद्वालने मला अर्ध्या किमतीत दिली
जुळं होणार कळलं त्या आठवड्यात.
किल्ली देताना एवढंच म्हणाला,
"तेग्वेन, गिअरचं काहीतरी कर."

ब्लायनायमध्ये सगळंच पाटीच्या दगडाचं.
घरं, कुंपणं, आणि डोंगर म्हणून जे दिसतं
तोही खाणीतला टाकाऊ ढीग.
गॅरेजची फरशीही तीच. तिच्यावर मी पालथी,
चार बोल्ट काढून, रबराची टोपी उलटी करून
खालच्या कपात बघते:
काळं तेल, कुजक्या अंड्यांचा वास,
नायलॉनच्या वाटीचा भुगा.

पहिला दांडा बर्मिंगहॅमचा. पितळी बुश,
लेथवर कुणीतरी मन लावून काढलेला.
दुसरा पोलंडहून आला. अखंड पोलाद, रबर नाहीच,
त्यामुळे गिअरबॉक्स जे बोलेल ते थेट तळहातात.
क्रायमिया खिंडीच्या चढावर
माझ्या मुठीत मधमाश्यांचं मोहोळ.
तिसरा सगळ्यात आखूड.
मनगट नुसतं वळवलं की झालं,
पण सकाळच्या थंडीत दुसरा गिअर
दारातच अडवतो, कोण म्हणून विचारतो,
तेल कोमट होईतो आत घेत नाही.

वहीत मी आकडे लिहिले. पट्टी लावून,
मिलिमीटरमध्ये, प्रत्येकाचे तीनदा.

मग बाबा आले, चहाचा मग घेऊन.
एम्रिस प्रदर, खाणीतल्या डंपरवर एकोणतीस वर्षं.
डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
एका शिळेखाली राहिलं, मी चौथीत असताना.
इथे गिअर डाव्याच हाताने टाकतात.
मी आकडे दाखवले. त्यांनी वही उलटी धरली,
मग सुलटी, मग ठेवून दिली.
"किती कमी केलंस?"
"दोन बोटं," मी बोलून गेले
आणि जीभ चावली.
ते हसले. "मग माझ्याएवढंच की."

इंजिन बंद. ते आत बसले, गुडघे छातीशी.
तिसरा दांडा लावलेला होता.
पहिला गिअर पडला. दुसऱ्याला तीन बोटं घसरली.
पुन्हा घसरली.
मग तळहाताच्या टाचेने ढकलला,
कणकेचा गोळा दाबावा तसा.
"टेकू वर सरकवलास," ते म्हणाले,
"वरचा हात आखूड झाला, खालचा लांब.
अंतर वाचलं. पण ते अंतर
कुणीतरी उचलायचं असतंच ना?
डंपरचा दांडा माझ्या कमरेएवढा होता,
अख्खं अंग टाकायचं त्याच्यावर.
पाचव्यात नेईपर्यंत एक विडी संपायची.
पण हाताला दुखलं नाही कधी."

मला वाटलं, आता म्हणतील जुनाच ठेव.
म्हणाले नाहीत.
पितळीवाला उचलला, वास घेतला,
बुश नखाने फिरवून पाहिला.
"हा कुणी केला?"
ठाऊक नाही, म्हटलं. पाकिटावर फक्त पत्ता होता.
"माणूस चांगला आहे. कडा मारून ठेवल्यात बघ,
दिसणारही नाही अशा जागी."

तो बसवला तेव्हा अंधार पडला होता.
मी टॉर्च धरला, बोल्ट त्यांनी आवळले,
शेवटचा मला आवळू दिला नाही.
तेल नवीन, वाटी नवीन.
अंतर वाचलं फार नाही, एक बोट आणि थोडं.

मग ते पुन्हा आत बसले, गाडी बंदच,
आणि एक, दोन, तीन, चार, पाच
टाकत राहिले, उलट सुलट.
रिव्हर्सला दांडा खाली दाबावा लागतो.
तिथे थांबले, अंगठा लावला,
दाबला.
टक्.
चहावर साय आली होती.
मी दिवा घालवायला गेले
आणि घालवला नाही.